कुंवरसाबांची खुर्ची न्हाणीघरात

...आणि खुर्ची न्हाणीघराच्या दारात अडकली. पाठीकडून मी, पायांकडून दीप्ती. ना आत, ना बाहेर. दीप्ती म्हणाली, "देविका, जरा तिरपी कर गं." मी तिरपी केली. तिचं बोट चेमटलं. (हेतू नव्हता. पण फार वाईटही वाटलं नाही.)

ती. सुचित्राताई, नमस्कार लिहायचा राहिला, तो इथे घे. काकूंचा गुडघा कसा आहे? भाऊजींनाही नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. बाबा रेल्वेच्या पुलाच्या कामावर, आई हीटरजवळ. तुझं पत्र पोचलं. त्यात माझ्याबद्दल दोन ओळी आणि दीप्तीबद्दल सहा. (सहावी अर्धीच आहे, पण तिथे कागद संपला होता.) तुझी-तिची भेटसुद्धा नाही. चित्रकलेच्या वर्गात दुसरी मराठी मुलगी आहे, लष्करी छावणीत राहते, छान रंगवते, हे मीच तुला हौसेने कळवलं. माझीच चूक.

तर प्रदर्शन. काकोरीच्या रस्त्यावर, आंब्याच्या बागेत, दीडशे वर्षांची एक कोठी, म्हणजे हवेली, आहे. तिचे म्हातारे मालक कुंवर जयसिंग तिथे मागच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. पुढच्या खोल्या त्यांनी आमच्या वर्गाला आठवडाभर दिल्या. अट एकच, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. आमच्या हरिहर सरांनी खोल्या हजेरीच्या क्रमाने वाटल्या. दीप्तीला दिवाणखाना आला, मला सगळ्यात शेवटचं न्हाणीघर. माझं बंद दारांचं चार फुटी चित्र पितळी पंजांच्या टबात, भिंतीला टेकून उभं राहिलं. लोक आत डोकावत, "सॉरी" म्हणत आणि दार ओढून घेत.

तेही चाललं असतं. पण सरांनी जाहीर केलं की कुंवरसाब एक चित्र कोठीत कायमचं ठेवून घेणार. ताई, निवड झाल्याची ती बातमी मला तुला लिहायची होती. फक्त मला. आणि कुंवरसाब तर रोज दुपारी दिवाणखान्यात आपली आरामखुर्ची धरून तासभर बसायचे, थेट दीप्तीच्या आमराईच्या चित्रासमोर. वर्गाने निकाल लावून टाकला. दीप्ती तेवढी म्हणायची, "अरे यार, वो तो बस बैठते हैं." (विनय. छावणीतल्या मुलींना तो परेडबरोबर शिकवत असावेत.)

तेव्हा मी तिला म्हटलं, या खुर्चीमुळे लोकांना तुझं चित्र नीट दिसत नाही. ती म्हणाली, "अगं, खरंच की!" आणि पायांकडून खुर्ची उचलली. कुठे न्यायची, हेसुद्धा विचारलं नाही. अशा मुलीशी भांडायचं तरी कसं?

खुर्ची शेवटी आत गेली. दुपारी कुंवरसाब आले, दिवाणखान्यात दोनदा फिरले, मग खुर्ची शोधत न्हाणीघरात पोचले आणि बसले. पाठ माझ्या चित्राकडे, तोंड खिडकीतल्या उन्हाकडे. शाल गुडघ्यांवर ओढून म्हणाले, "धूप तो यहाँ और भी अच्छी है, बिटिया." आणि झोपले. तीन दिवस मी त्यांच्या घोरण्याशेजारी उभी राहून लोकांना चित्र समजावून सांगितलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी माझंच चित्र निवडलं. टाळ्या पडल्या. सरांनी विचारलं, इसमें आपको क्या भाया? कुंवरसाब म्हणाले, "इसके पीछे दीवार पर सीलन है. बिल्कुल नाप की तस्वीर है." म्हणजे ओल झाकायला बरोबर मापाचं. सगळे हसले. दीप्ती हसली नाही. पट्टी बांधलेल्या बोटासकट तिने मला घट्ट धरलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं! तेवढं मात्र मला सहन झालं नाही. तिनेही थोडं जळायला हवं होतं. मी एकटीने किती जळायचं?

असो. माझं चित्र जुन्या कोठीत कायमचं लागलं, एवढंच काकूंना सांग. ओलीचं सांगू नकोस.

तुझी,
देविका

ता. क. दीप्ती मे महिन्यात पुण्याला मावशीकडे येणार आहे. तुला भेटायचं म्हणते, पत्ता मागते. तू गावाला जाणार आहेस, असं मी सांगितलं आहे. तेव्हा जा. नाहीच जमलं तर चहा दे, पण तुझी चित्रांची वही दाखवू नकोस. मला दाखवलीस त्या दुपारी मी चित्रकार व्हायचं ठरवलं होतं.

ता. क. २. आज सकाळी दीप्ती घरी आली. पाकिटावर तुझा पत्ता नुकताच लिहून झाला होता. तिने तो वहीत उतरवून घेतला. आईने तिला पोहे दिले.