तेल पाजलेल्या चपला

७ जाने., शिरूर
सकाळी नदीच्या पुलापर्यंत चालून आले. पाय धुताना मोरीत रक्त. बाभळीचा काटा स्लिपर भेदून उजव्या तळव्यात रुतलेला. तोच काटा घेऊन सगळी वाट चालले आणि पत्ता नाही. काट्याची नाही, तो न दुखल्याची भीती वाटली.

८ जाने.
डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून तळव्याला दोरा टेकवला. अंगठ्याच्या बुडाशी काही कळलं नाही. इतकी वर्षं साखर, त्याचंच हे. जखम भरेपर्यंत चालणं बंद. पुढे चपला मऊ तळाच्या, पुढून रुंद, मागे पट्टा. घरातही अनवाणी नाही.
"म्हणजे पुलापर्यंत जाणं संपलं?"
"पाय बघून ठरवू, बाई."
सकाळच्या त्या वेळात मला कुणी काही मागत नाही. तो मी सोडणार नाही.

१९ जाने., दौंड
जखम सुकली. लेकीकडे आले. संध्याकाळी मुद्दाम उशिरा दुकानात गेलो, पाय तेव्हाच सुजतात. बूट बोटांना दाबत होते, परत केले. शेवटी काळ्या, बोजड चपला. अंगठ्याने दाबलं की तळ दबतो आणि वर येतो. सुनंदा म्हणाली, "आई, चपला आहेत की गाद्या?" दिसायला वाईट. घेतल्या.

२१ जाने., शिरूर
काल रात्री परतले. आज उठले तर ओसरीवर करडईच्या तेलाचा वास. ह्यांनी पहाटे चपलांना आतून-बाहेरून तेल चोळून उन्हात मांडलेल्या.
"अहो, हे काय?"
"नव्या वहाणंला तेल पाजल्याबिगर घालतं व्हय कुणी? चावली तर तुला कळायचं बी न्हाई."
लग्नापासून माझ्या प्रत्येक नव्या वहाणेला ह्यांनीच तेल पाजलं. पण त्या कातड्याच्या.
संध्याकाळपर्यंत रबर पुरीसारखं फुगलं, तळ सुटला.

२६ जाने., दौंड
ह्या वेळी हे बरोबर. दुकानदाराला पहिला प्रश्न, "ह्यास्नी तेल कंचं?" तो हसला, "आबा, तेलाचा थेंब लावू नका."
मग स्वतःच एक जोड घालून दुकानात येरझारा.
सुनंदा: "आबा, तुम्हांला कुठंय साखर?"
"मंग यायची वाट बघू व्हय?"
दोन जोड घेतले. दोघं सारख्याच चपलांत स्टँडवर. लोक बघत होते. बघू देत.

१ फेब्रु., शिरूर
रोज संध्याकाळी हे बॅटरी घेऊन माझे तळवे तपासतात. चष्मा लावून, बैलाचा खूर बघावा तसे. मी नाही म्हणून पाहिलं. ऐकत नाहीत.
डॉक्टर: नवी जखम नाही. अंगठ्याच्या बुडाशी अजून मुकं. तूर्त डेअरीपर्यंत चाला, पुलाचं नंतर.

४ फेब्रु.
डेअरीपर्यंत गेले. तिथून पूल दिसतो. थोडी थांबले, परत फिरले. शिस्त म्हणजे शिस्त. चपला उत्तम. कुठे लाल नाही, घट्टा नाही.
संध्याकाळी बॅटरी. ह्यांनी बोट टेकवलं.
"हितं?"
"नाही."
"आन् हितं?"
गार काहीतरी लागल्यासारखं वाटलं. ह्यांचं बोट असेल, की माझ्या मनाचा खेळ.
म्हटलं, "उद्या पुन्हा विचारा."