उशीची गार बाजू

आई,
लांबूनच तुझ्या पाया पडतो. मी धडधाकट आहे, हे आधी वाच.

आमच्या कारखान्याचं छत कोसळलं, तेव्हा रात्रपाळी चालू होती. मी दिवसपाळीचा, म्हणून वाचलो. माझ्याच गादीवर दिवसा झोपणारा घोरक्या गेला. खोलीतले त्याला घोरक्या म्हणायचे. मी त्याला झोपलेलं कधी पाहिलंच नाही. उठणाऱ्याने उशी उलटून ठेवायची, म्हणजे दुसऱ्याला गार बाजू मिळते, एवढीच आमची दोस्ती.

जेवणाची काळजी करू नकोस. नळावर हमरीतुमरीवर येणारे शेजारी आता दाराशी भरलेली बादली ठेवतात, बळेबळे दोन घास खायला लावतात. घोरक्याच्या जागी नवा माणूस राहायला आला, तर खोलीतल्या प्रत्येकाने त्याला आपली अर्धी गादी देऊ केली. माझ्या गादीला मात्र कुणी त्याला हात लावू दिला नाही. त्या मायेनेच जास्त गुदमरायला होतं गं.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा औषध घेतात ना?

कारखाना बंद आहे. तरी पहाटे मी उठतो, उशी उलटतो आणि भिंतीला टेकून बसतो.

माझ्या लेकाला स्वतःची गादी मिळू दे, असं तू म्हणायचीस. मिळाली, आई.

तुझाच,
धाकटा