सहाव्या शर्यतीची तारीख

२६ डिसेंबर

रद्द! सकाळी साडेदहाला भोंग्यावरून मीच जाहीर केलं. सहाच्या सहा शर्यती. रात्रभर पाऊस कोसळला, ट्रॅकच्या वळणावर घोट्याएवढं पाणी. ट्रॅकवाल्यांनी काठी रोवून बघितली तर वीतभर आत गेली. मग बोलायला उरलंच काय?

वेळापत्रकाची खुर्ची मिळून मला चारच महिने झालेत, त्यात हे. पाच शर्यती कुठेही बसतील. सहावी मात्र जपून लावायला हवी — तीन वर्षांच्या, आजवर एकदाही न जिंकलेल्या घोड्यांची. नऊ ट्रेनरचे नऊ घोडे, आणि त्यात एक घोडी आमच्या घरची. म्हणजे सासऱ्यांची. बाबा एक्काहत्तर वर्षांचे, ट्रेनर म्हणून हा त्यांचा शेवटचा मोसम, तबेल्यात उरलेली ही एकटीच. सगळे तिला रुसूबाई म्हणतात. खरारा करायला गेलं की तोंड भिंतीकडे! जाता जाता तिला एकदा पहिली आलेली बघायची, एवढीच बाबांची इच्छा. बोलत नाहीत, पण मला कळतं.

शर्यत रद्द झाल्यावर तिला परत नेताना ती चिखलात घसरली. मागच्या पायाच्या टाचेला जखम. डॉक्टर म्हणाले, दोन तारखेपर्यंत पळवायची नाही.

२७ डिसेंबर

सहावी तीन जानेवारीला लावली. तोवर ट्रॅक पुरता सुकेल. नवी नावं घ्यायची नाहीत — ज्यांचा दिवस वाहून गेला, दिवस त्यांनाच परत. शर्यत सुटायच्या गेटचे आकडेही आधीचेच. त्यावर कडूकाका अडून बसले. ते बाबांच्या शेजारच्या तबेल्याचे ट्रेनर, चाळीस वर्षांचं दोघांचं हाडवैर, आणि जिभेवर कायम कारलं. यांच्या घोड्याला अगदी बाहेरचं, लांबच्या फेऱ्याचं गेट आलंय, म्हणून सोडत पुन्हा काढा म्हणे.

"काका, पावसानं चिखल होतो, नशीब धुऊन निघत नाही," मी म्हटलं. चक्क हसले!

आज स्वतःवर खूश आहे.

२८ डिसेंबर

कुठे तोंड लपवू!

सकाळी बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "सूनबाई, एक तारखेला काय असतं?"

"नवीन वर्ष."

"माणसांचं. घोड्यांचं काय?"

माझा चमचा हातातच राहिला. एक जानेवारीला सगळे घोडे एका वर्षानं मोठे होतात. जन्म कधीचाही असो, कागदावर वाढदिवस तोच. म्हणजे तीन तारखेला नऊच्या नऊ चार वर्षांचे! तीन वर्षांच्या शर्यतीत पळायला एकही लायक नाही. आणि न जिंकलेल्या चार वर्षांच्यांसाठी आमच्याकडे शर्यतच नसते. एवढी ढोबळ चूक, आणि खाली माझी झोकदार सही.

शर्यत एकतीसला आणली तर रुसूबाई बाद. हे त्यांना माहीत नव्हतं? मी विचारलंच, "मग सांगितलंत कशाला?"

"तुझ्या सहीवर बोट ठेवायचंच, तर घरच्यानं ठेवावं," म्हणाले आणि पाव चहात बुडवला.

रेसकोर्सचे सेक्रेटरीसाहेब भडकले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी नियम काढला : एकतीसला घ्या, नाहीतर नऊपैकी सात ट्रेनरनी मान्यता दिली, तर वय सव्वीस तारखेचं धरून तीनला घ्या. मी म्हटलं, मी कुणाकडे मागायला जाणार नाही. बंद पेटी ठेवू. चिठ्ठीवर फक्त तारीख. परवा दुपारी उघडू.

बाकी आठांना एकतीसच सोयीची. घोडे तयार आहेत, बाहेरगावचे दोघे लवकर सुटतील, आणि एक घोडी कमी! तीन कोण कशाला लिहील? वर कडूकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "सुनेनं आधीच सासऱ्याची सोय बघून ठेवली होती म्हणायची!" कान तापले माझे.

२९ डिसेंबर

बाबा सकाळपासून गायब. नालबंदानं सांगितलं, "आठही तबेले फिरून आले. हात जोडून बोलत होते हो."

मतं मागताहेत!

काल ज्यांच्याविषयी ऊर भरून आला होता, तेच आज दारोदार. कडूकाकांच्या दारातसुद्धा! जेवताना त्यांनी मीठ मागितलं, मी बरणी सरकवली. राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. नवरा म्हणतो, "शेवटची घोडी आहे त्यांची, सोड ना." कसं सोडू? उद्या पेटीतून सात 'तीन' निघाले, तरी लोक म्हणणारच, घरचं कार्य होतं.

संध्याकाळी तबेल्यात डोकावले. रुसूबाई चारी पायांवर नीट उभी होती, लंगडत नव्हती. मला बघून तोंड फिरवलं नाही. मनात आलं, तीनलाच होऊ दे. म्हणजे मी तरी कुठली निःपक्षपाती!

३० डिसेंबर

पेटी उघडली. साहेब वाचत गेले. तीन. तीन. तीन. आठ वेळा तीन! सातच हव्या होत्या. नववी चिठ्ठी एकतीसची — अक्षर बाबांचं.

मला काही कळेना. मग साहेबांनी एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. सही नको म्हटलं होतं, तरी कडूकाकांनी ठोकली होती. तारखेखाली लिहिलं होतं : "म्हातारा दारात येऊन हात जोडत होता — एकतीसच लिही, माझ्या सुनेच्या नावाला बट्टा नको. चाळीस वर्षांत त्याचं कधी ऐकलं नाही, आताच काय म्हणून ऐकू?"