ब्रेकच्या तेलाचा दिवा

४ डिसेंबर १९५६, मंगळवार
काल देवरूखहून परतताना उतारावर ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं. दाऊदभाई चालवत होते; त्यांनी गिअर पाडत गाडी दरडीला घासून थांबवली. दोघंही धड. मडगार्ड गेलं. एका चाकातलं ब्रेकचं रबर फाटून तेल गळत होतं, कधीपासून कोण जाणे. तेलाची डबी बॉनेटखाली. उघडून पाहिलं तरच कळायचं. आठ दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं.
आज दवाखान्यात टाके घालताना दोनदा सुई खाली ठेवली.

७ डिसें.
रबर नवं बसवलं. माझ्याकडे ड्रायव्हर होण्याआधी दाऊदभाई बोटीवर इंजिनाच्या कामाला होते. तिथे टाकीतलं पाणी उतरलं की घंटा वाजायची. "तसंच कायतरी करतो, बाय. रोज झाकण उघडून बघतो, तरी भरवसा वाटत नाही."

९ डिसें.
केलं! डबीत पितळेचा पोकळ गोळा, सुपारीएवढा. तेलावर तरंगतो. त्याला उभी काडी, झाकणातून वर आलेली. माथ्यावर आडवी पट्टी. तेल उतरलं की गोळा उतरतो, पट्टी दोन तारांच्या टोकांवर टेकते, बॅटरीची वीज जोडली जाते आणि स्टिअरिंगजवळ तांबडा दिवा लागतो. पळीने तेल काढून दाखवलं: लागला. परत ओतलं: विझला.
"आणि बल्बच गेला तर?"
"म्हणून निघताना काडी बोटाने दाबायची. लागला म्हणजे दिवा जिवंत."
वळणावर तेल हिंदकळून दिवा लुकलुकतो, तेव्हा भ्यायचं नाही. लागून राहिला तर थांबायचं.
मी रस्ता सोडून त्याच्याकडेच बघत बसते.

१२ डिसें.
देवरूखपलीकडच्या वाडीतून सकाळी एक जण आला. बहीण दोन दिवस अडलेली, पहिलटकरीण. त्याला घेऊन निघालो. शेवटच्या उताराच्या तोंडाशी दिवा लागला. लागूनच राहिला.
दाऊदभाईंनी उतरून पाहिलं. तेल खरंच खाली. आता दुसरं चाक ओलं. बरोबरचं तेल ओतलं, तरी पेडल मऊ.
भाऊ म्हणाला, "थांबू नका, डॉक्टरीणबाय. तां काय खाली घर दिसतंय."
मी म्हटलं, हळू नेऊ.
"तुम्ही दोघं चालत जा. मी गाडी उतरवणार नाही." इतक्या वर्षांत दाऊदभाईंनी पहिल्यांदा माझं ऐकलं नाही.
चालत पाऊण तास. मूल निळं जन्मलं. चोळलं, तोंडाने श्वास दिला. रडायला फार वेळ लागला. आई ठीक.

१३ डिसें.
लॉरीला बांधून गाडी आणली. पेडल मी स्वतः दाबून पाहिलं: तळाला. पण हे आजचं. काल त्या घटकेला, उतरायच्या दहा मिनिटांपुरतं धरलं असतं की नाही... दिवसभर हेच. दोन पेशंटना एकच प्रश्न दोनदा विचारला.
वाडीहून निरोप: मूल दूध ओढत नाही.

१५ डिसें.
चारही चाकांची रबरं बदलली. सकाळी दाऊदभाई दारात उभे. "दिवा काढू का? तुम्ही म्हणाल तसं."
म्हटलं, राहू दे. तुमचं चुकलं नाही.
त्यांनी विचारलं, "पोर कसं आहे?"
मला माहीत नाही. तेच बघायला आत्ता आम्ही दोघं निघतोय.