एकतिसाची पाठ

सोमवार, १ सप्टेंबर १९६९

आले एकदाची! तेहतीस वर्षांनी बर्मिंगहॅमला, आणि तेही जिथं जन्मले त्याच घरात. सबंध गल्लीत पाडायचं राहिलंय ते आमचं एकतीस नंबर आणि शेजारचं गॅडबाईंचं. पालिकेनं वर्षभरासाठी दिलं, मी दुसरं बघितलंच नाही. खाली एक खोली, तिच्यावर एक, तिच्यावर आणखी एक. मागचं दार नाही, कधी नव्हतंच. आमच्या पाठीला पाठ लावून दुसरं घर होतं, त्याचं तोंड आतल्या चौकाकडे आणि पत्ता ‘एकतिसाची पाठ’. ती पाठ आता पाडलीये. भिंतीला बाहेरून लाकडी टेकू दिलेत, पलीकडे विटा आणि रानगवत.

गॅसवर चहा केला, पावाला लोणी फासलं आणि खिडकीत बसून खाल्लं. मेव्हिसबाई, म्हटलं, बरं झालं आलात.

बुधवार, ३ सप्टेंबर

काम झकास आहे. ग्रंथालयाच्या तळघरात जुन्या गल्ल्यांचे, चौकांचे फोटो खोक्यांनी पडलेत. प्रत्येकाला एक कार्ड करायचं: गल्ली, चौक, काय दिसतं, कोण दिसतं. पेनफोल्डसाहेब म्हणाले, आधीच्या माणसाला एका खोक्याला आठवडा लागायचा, त्याला पुढचं घर कुठलं आणि पाठ कुठली तेच उमजायचं नाही. मी सकाळभरात चाळीस उरकले. मला चौक नळावरून ओळखता येतात, चेहरे लागत नाहीत. तीनला सुटते.

येताना गॅडबाईंकडे केक घेऊन गेले. ऐंशीच्या घरात आहेत, पण ओळखलं मला. केक घेतला नाही.

“एल्सीची पोर ना तू? कान बरे आहेत का आता?” एवढं म्हणून दार लावलं.

सोमवार, ८ सप्टेंबर

आमचाच चौक सापडला. १९३६, आरोग्य खात्यानं काढलेला. कार्ड लिहिलं: ‘चौक सहा. नळ, सामाईक धुण्याची खोली, हाताची घडी घातलेल्या अकरा बायका. एकतिसाच्या पाठीचं दार बंद.’

अकराजणींच्या कपाळाला आठ्या. साहेब हसून म्हणाले, पाहणीला येणारा माणूस कुणाला आवडतो? मीही हसले. मला ते हसू जड गेलं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

चार वाजता चुलीमागच्या भिंतीवर तीन ठोके. सावकाश, लोखंडाचे.

चौकात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. निखारे सारायची सळी चुलीच्या पाठीवर तीनदा आपटली की पलीकडचीला कळायचं, ये, अडले आहे. तिनं दोन ठोके दिले की ऐकलं, येते. आणि दोन दिले की जायचंच, हातातलं मूल ठेवून जायचं.

विटा तापल्या की वाजतात, असं मी स्वतःला सांगितलं. पण चूल मी अजून पेटवलीच नाहीये.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आजही. चारलाच.

लिहूनच टाकते, कधी कुणाला सांगितलेलं नाही. पाठीत आयव्हीमावशी राहायची. दिवस भरलेले, नवरा कारखान्यात, बायका कामावर. मी नऊ वर्षांची, घरात एकटी, आईनं जपून ठेवलेलं डब्यातलं घट्ट दूध चोरून खात होते. ठोके पडले. गेले असते तर तोंडाचा वास आला असता, चोरी कळली असती. म्हणून चमचा धरून गप्प बसले. ती किती वेळ वाजवत होती ते मला ठाऊक आहे.

मी ऐकलंच नाही, असं सगळ्यांना सांगितलं. पण मावशी सकाळपर्यंत जगली होती, आणि बोलली होती. मला कुणी शब्दानं दुखवलं नाही. फक्त आईशी चौकातलं कुणी बोलेना. आठवड्यात आम्ही बिऱ्हाड हलवलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

फोटो पुन्हा काढला. कार्डावर माझ्याच अक्षरात ‘दार बंद’. फोटोत दार वीतभर उघडं.

साहेबांनी भिंग लावलं. दाराचं त्यांना काही वाटलं नाही. म्हणाले, गंमत बघा, या बायका कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत, शेजारी कुणीतरी उभं होतं.

मी होते. मावशी गेली त्याच आठवड्यात, फोटोवाल्याच्या कोपराशी उभी होते.

बुधवार, १७ सप्टेंबर

ठोके. थांबतच नाहीत. गॅडबाईंचं दार वाजवलं, विचारलं, तुम्हाला ऐकू येतंय ना? त्यांनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या,

“माझ्या भिंतीवर नाही पडत गं ते. तुझेच आहेत.”

गुरुवार, १८ सप्टेंबर

मी दिले. दोन. ठरवून नाही — चहा ओतत होते, तीन पडले आणि हात आपोआप सळीकडे — आईचाच हात जणू.

पलीकडे शांत झालं.

दोन दिले की जायचंच.

त्याच दिवशी —

बोळातून मागे गेले. रानगवत नाही. चौक आहे. नळ आहे. अकराजणी. हाताच्या घड्या सोडल्या नाहीत, नुसत्या बाजूला सरल्या. दार सताड. आत पलंग, विझलेली चूल. मावशी नाही, कुणीच नाही. वळले तर दार —

बाहेरून लावलंय.

पोटात बाळंतपणाची कळ. या वयात — परत आली. बसवत नाही. वही हातात आहे म्हणून —

सळी सापडली. तीन वाजवले.

पलीकडे आहे कुणीतरी. डब्यात चमचा वाजत होता. थांबला.

परत तीन.

ऐकतेय ती. श्वास धरून बसलीये. मला माहीत आहे ती काय — मेव्हिस, बाळा, दुधाचं मी नाही सांगणार कुणाला, दोनच ठोके, फक्त दो—