काढून ठेवलेली डिस्क

३ मार्च, सोमवार
चाकणच्या कंपनीत आज रुजू झाले. इथे गाड्यांचे ब्रेक बनतात. मी सर्व्हर सांभाळायचा. उदगीरहून अम्मीचे चार फोन. दुसरा रोजा ताथवड्याच्या खोलीत एकटीनेच सोडला. पण खूश आहे. स्टोअरच्या सोजराबाईंनी आपणहून माझी चौकशी केली, ‘आरफा’ नाव दोनदा म्हणून पाहिलं.

४ मार्च, मंगळवार
जुना लिनक्स सर्व्हर एकाच डिस्कवर चालतो. तो दोन नव्या डिस्कच्या रेडवर, म्हणजे एकीची दुसरी हुबेहूब नक्कल ठेवणाऱ्या जोडीवर न्यायचाय. सगळं कॉपी झालं, पण मशीन सुरू करून देणारा बूटलोडर अजून जुनीच डिस्क पहिली धरतो. तो क्रम बदलायचा. माझ्या आधी हे काम नवनाथ नावाचे कुणी बघत. ते सोडून गेले, असं साहेब म्हणाले.

५ मार्च, बुधवार
दोन्ही नव्या डिस्कवर बूटलोडर टाकला, क्रम बदलला, जुनी डिस्क उपसून काढली. मशीन झकास सुरू झालं. मग पडद्यावर आलं: शेवटचं लॉगिन नवनाथ, आज, याच कीबोर्डवरून. सर्व्हरच्या खोलीत मी एकटीच. डिस्कची यादी काढली. तीन. पहिली जुनीच. आणि ती तर माझ्या हातात होती.

सोजराबाईंना सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, “पोरी, त्यो सोडून न्हाई गेला. गेल्या साली गुरुवारच्या सुट्टीला एकटाच आत काम करत व्हता. छातीत कळ आली. शुक्रवारी दार उघडलं तवा घावला. उद्या येऊ नगंस.”

पण ही यादी निस्तरायचीय, आणि साहेबांना शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टला सर्व्हर नीट चालू हवाय. माझा तर तिसराच दिवस.

६ मार्च, गुरुवार
सकाळी दहाला आले. शेड सामसूम. वॉचमन गेटवर, इथून लांब.

११.२० नवनाथचं खातं पुसलं. मशीन पुन्हा सुरू केलं. खातं आहेच.

११.४० पडद्यावर अक्षरं उमटतायत. माझे हात मांडीवर आहेत. ‘कुणी आहे का?’

मी टाइप केलं, आहे. करायला नको होतं —

१२.०० विचारतोय, शुक्रवार उजाडला का. प्लग ओढला. पडदा चालूच.

दार उघडत नाही. रेंज नाही. हाका मारल्या, दार बडवलं —

म्हणतोय, मीपण खूप मारल्या. कुणी आलं नाही.

रडू येतंय. त्याच्यासाठीही —

‘बोलत राहा.’ एवढंच. पुन्हा पुन्हा. बोलतेय. अम्मीचं, घरचं, काहीही. थांबले की खोली गार पडते.

आता तो लिहीत नाहीये. पडदा काळा. शेजारची खुर्ची हळूच माझ्याकडे —