वस्तीने मागितलेला पूल

प्रिय दिपमाला,

पत्र बघून दचकशील. धुळ्याचं हॉस्टेल सुटल्यापासून आपण एकमेकींना असं लिहिलेलंच नाही. तू तालुक्याच्या कार्यालयात, मी या गावची ग्रामसेविका. रोज फोन असतोच. पण हे फोनवर जमणार नाही.

मागच्या नोव्हेंबरातल्या महिला सभेपासून सांगते. देशाचा आराखडा गावातून वर गेला पाहिजे, बायांना आधी बोलू द्या, असं तूच प्रशिक्षणात शिकवलं होतंस. मला ते मनापासून पटलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली, तीसेक बाया आल्या. सगळ्या एकमेकींना पुढे ढकलत होत्या. मग नाल्यापलीकडच्या वस्तीवरच्या धुरपदाबाई उठल्या. "ताई, आम्हले पहिले पूल जोयजे. बठ्ठं मंग." आधी पूल, बाकी सगळं मागून. नाला भरला की वस्ती तुटते, हे मलाही ठाऊक होतं. सगळ्यांनी हात वर केले. मी इतिवृत्तात लिहून घेतलं, सह्या-अंगठे घेतले.

जानेवारीअखेर तुझा फोन आला. चाळीस गावं बाकी आहेत, उद्या आराखडे भरायचं पोर्टल बंद होतंय, पुलाचं अंदाजपत्रक आता कुठून आणतेस, मागच्या वर्षीची फाईल घे आणि तारीख बदल. मी बदलली. त्यात पेव्हर ब्लॉक, व्यायामाचं साहित्य, स्मशानभूमीचं कुंपण होतं; पूल नव्हता. वीस मिनिटांत माझ्या गावापुढे हिरवी खूण आली. तालुका शंभर टक्के झाला म्हणून तुमचा सत्कार झाला, त्या फोटोवर मी टाळ्यासुद्धा पाठवल्या.

ऑगस्टमध्ये धुरपदाबाईंच्या सुनेला, मयुरीला, भर दुपारी कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका अलीकडच्या काठावर येऊन थांबली होती. मीही तिथेच होते. पलीकडून चौघांनी तिला बाजेवर घेऊन पाण्यात पाय घातला. पाणी छातीला लागलं, ते मागे फिरले. पुन्हा आले, पुन्हा फिरले. तिचं ओरडणं आम्हाला ऐकू येत होतं. मग ते थांबलं. पाणी उतरेपर्यंत दिवस कलला. धुळ्याला नेताना वाटेतच ती गेली. बाळही.

दहाव्याला गेले तेव्हा धुरपदाबाईंनी एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही लिखेल व्हतं ना?" मी हो म्हटलं. वरच्यांनीच दिला नसेल, तुम्ही काय करणार, म्हणून त्या माझीच समजूत काढत बसल्या. दिपमाला, त्या घरात मी चहा घेतला गं.

आता मयुरीच्या मृत्यूची चौकशी लागली आहे. इतिवृत्त नव्याने लिही, पुलाची मागणी आलीच नव्हती असं सांग, दोघींच्या नोकऱ्या वाचतील, असं तू परवा म्हणालीस. तुझ्यावर घर चालतं, मला माहीत आहे. तरी सोमवारी जबाबात मी सगळं सांगणार आहे. माझं, आणि तुझ्या त्या फोनचंही. आज वस्तीवर जाऊन धुरपदाबाईंना खरं सांगितलं. त्या उठून आत गेल्या. मी बराच वेळ ओट्यावर बसून होते, त्या बाहेर आल्या नाहीत. तुला मात्र हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र.

तू मानलंस तर अजूनही तुझीच,
कामिनी